औंदाची पाळी तुझी, दगडू

दगडू,

तुला मातीत ठेवून अजून महिना झाला न्हाई आन आज पाडवा आला. सकाळी बैल सोडायला गोठ्यात गेलो तर अंकुश आधीच तिथं उभा. म्हणला, "बा, आता दोन्ही बैल आपलेच की. औताचं पहिलं तास कुणाच्या रानात काढायचं याचा घोर कशाला लावून घेतो?" तुझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेलं माझं हे पोरगं, आन त्याचं बोलणं बघ. त्याला मी काय म्हणलो ते पुढं येईलच.

साळंतल्या मास्तरांनी कागद दिलेत. म्हणले, "निवृत्तीमामा, जसं बोलता तसंच लिहा. छापायचं मी बघतो." मी दोन यत्तांचा माणूस. जसं बोलतो तसंच लिहितो, दुसरं मला येतबी न्हाई. पर छापलं म्हंजे चार अनोळखी लोक वाचणार. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीबी सांगाव्या लागतील. तू कटाळू नको. एरवी तू मला एक गोष्ट दहांदा सांगायचास, आता तुझी ऐकायची पाळी.

आपल्या दोघांत मिळून दोन बैल. माझा कोसा, तुझा बाशा. एका बैलावर औत चालत न्हाई म्हणून आपली सावड. बैल एकेकाचा, जू दोघांचं, आन रान पाळीपाळीनं. सावड सगळ्या मुलखात असती. पर आपल्या गावाची एक रीत हाये, ती वडीगोद्रीत न्हाई आन अंतरवालीतबी न्हाई. सावड पाडव्याला बांधायची आन बांधताना कासरे बदलायचे. माझ्या बैलाला तू वळलेला कासरा, तुझ्या बैलाला मी वळलेला. ज्याला सावड मोडायची असंल त्यानं पाडव्याला उजाडायच्या आत यायचं, दुसऱ्याचा कासरा त्याच्या खुंट्याला गुंडाळायचा आन आपला बैल घेऊन निघायचं. भांडण न्हाई, बोलणं न्हाई. खुंट्याला कासरा दिसला की समजायचं, गडी सुटला. आन जवर कासरा परत आला न्हाई तवर सावड चालूच. मंग माणूस काशीला जावो का मक्केला.

तुझा कासरा लांबून वळखू यायचा. अंबाडीच्या वाखात तू खतिजाभाबीच्या जुन्या लुगड्याची तांबडी चिंधी वळायचास. मी म्हणायचो, "अरं, बैल हाये का नवरी?" तू म्हणायचास, "निवरत्या, तुझ्या कोशाचं तोंड बघून कोण नवरी म्हणंल त्याला? चिंधी हाये म्हणून तरी गाई मान वळवून बघत्यात."

पाडव्याचं पहिलं तास, म्हंजे औताची पहिली रेघ, एका साली माझ्या रानात, दुसऱ्या साली तुझ्या. यात कधी फरक पडला न्हाई. एकदाच पडायला आला, आन तवाबी आपण पडू दिला न्हाई. तेच सांगायचंय.

निजामाचं राज गेलं ते दिवस वाईट होते. आधी रझाकारांच्या भ्यानं आम्ही रानात झोपायचो, राज पलटल्यावर तुम्ही. तू रझाकारांत न्हवतास, तुझ्या घरातलंबी कोणी न्हवतं, हे सगळ्या गावाला ठाऊक. पर भाईरगावच्या माणसाला तोंडावरून काय कळणार? माझ्या कडब्याच्या गंजीमागं तू आन भाबी लपून राह्यलात, आन रोज तुझी तक्रार काय, तर गोदाची भाकर जाड हाये. गोदा म्हंजे माझी मालकीण. ती ठणकावून म्हणायची, "लोक जीव वाचवायलेत आन दगडूभाऊंना पातळ भाकर पाहिजे." ते दिवस निभले. तू गाव सोडायचं नाव काढलं न्हाईस.

गाव सोडलं ते तुझ्या लेकीच्या सासरच्यांनी. जैनूला जालन्यात दिली होती. ते समदं घर कराचीला गेलं, जैनूबी गेली, आन तिकडून सांगावा आला की पोरगी पोटुशी हाये. झालं. भाबीचं अन्न तुटलं. "पहिलटकरीण हाये, आईबिगर कशी बाळंत व्हईल?" हे एकच. तू माझ्याकडं आलास. मी काय म्हणलो? "जा की. बाळंतपण करून या." जालन्याला जाऊन ये म्हणावं तसं म्हणलो आन तूबी तसाच निघालास. कराची म्हंजे मुंबईहून बोटीनं जायचं एक गाव, एवढंच आपल्याला ठाऊक. वाटंत आता एक वेस बांधायलेत, तिचा दरवाजा भाईर जाताना उघडा आन घरी येताना बंद, हे आपल्याला कोणी सांगितलं न्हाई.

गोदानं डिंकाचे लाडू बांधून दिले. सुंठ, बाळंतशेप, जुन्या धोतराचे मऊ तुकडे. तू बाशाच्या पाठीवर थाप मारून म्हणलास, "सव्वा महिन्यात येतो. पेंड कमी घालू नको त्याला. आलो की बरगड्या मोजीन."

सव्वा महिना झाला, नांगरट झाली, पेरणी झाली. तिकडून पत्र आलं की पोरगी झाली, नाव रशीदा, आन परत यायला परमिट लागतं ते देत न्हाईत. तिकडं भाबीला ताप आला आन ती तिकडंच गेली. हे मला पत्रानं कळलं. गोदानं त्या दिवशी चूल पेटवली न्हाई. म्हणली, "लोकाच्या मुलखात बाईला शेवटचं कोणी नीट धुतलं का न्हाई कोण जाणे."

मंग तुझं घर मोहोरबंद करायला सरकारी माणसं आली. जे पाकिस्तानात गेले त्यांचं घरदार, रान, ढोरं, समदं सरकारच्या ताब्यात, असा नवा कायदा. महसुलाचा गिरदावर चावडीत बसला आन मला बलावलं.

"बाशा नावाचा बैल तुझ्या गोठ्यात आहे. कोणाचा?"

"सावडीचा."

"म्हणजे कोणाचा?"

"जुवाच्या उजव्या अंगाचा."

चावडीतले हसले. गिरदावर चिडला. "शेख दगडू पाकिस्तानात गेला का न्हाई?"

"बाळंतपणाला गेला."

आता तर म्हाताऱ्या पाटलालाबी हसू आवरंना. गिरदावर म्हणला, "बाप्या माणूस बाळंतपणाला जातो?"

"बायकोला पोचवायला गेला. साहेब, ज्याला कायमचं जायचं तो कासरा देऊन जातो. माझ्या बैलाच्या गळ्यात त्याचा कासरा अजून हाये, त्याच्या बैलाच्या गळ्यात माझा. मंग तो गेला कसा? तो यायचाय."

बैल त्यानं सोडला. रान मातर सोडलं न्हाई. साला-सालाची बोली लावली. तुला मी हे कितींदा सांगितलं, तरी तू पुन्हा पुन्हा ऐकायचास, म्हणून आणखी एकदा सांगतो. त्या दिवशी चावडीत समदं गाव बसलेलं होतं आन एकानंबी बोली लावली न्हाई. ज्यांच्याशी तुझं बांधावरून वाकडं होतं तेबी खाली मान घालून बसले. सावड चालू हाये त्या रानावर बोली कशी लावायची? शेवटी गिरदावरानं कटाळून ते माझ्याच नावावर एका सालासाठी टाकलं. दर साली तसंच. पाडवा आला, पाळी तुझी होती, मी पहिलं तास तुझ्या रानात काढलं. गोदा बांधावरून म्हणली, "मालक नसताना पाळी कशाला पाळता?" मंग स्वतःच म्हणली, "पाळा, पाळा. आल्यावर भांडत बसंल ते."

तू आलास. वडीगोद्रीच्या अंगानं पायी चालत, डोक्याला टापर, अर्धा झालेला. मी मोटंवर होतो. माझ्याकडं न येता तू आधी बाशाकडं गेलास. खरंच बरगड्या चाचपल्यास! बाशानं तुझा हात चाटला आन तू त्याच्या मानंवर डोकं ठेवून उभा राह्यलास. मी नाडा धरून तसाच उभा. गोदा भाकर घेऊन आल्ती, तिनंच बोलण्याला तोंड फोडलं. "सव्वा महिना लई मोठा होता तुमचा, दगडूभाऊ."

तू म्हणलास, "वैनी, तिकडं भाकर लई पातळ करत्यात. पोट भरंना."

त्या भाकरीच्या बोलण्यावर ती जलमभर खूश होती, तुला सांगून ठेवतो.

तुझ्याजवळ परमिट होतं, पर पाहुण्याचं. थोडे दिवस राहायचं, अंबडच्या ठाण्यात नोंद करायची आन मुदत संपली की निघायचं. तुझा जलम ह्या गावचा, तुझ्या बापाचं, आज्याचं थडगं हितं, आन तू पाहुणा! मुदत संपली. तू गेला न्हाईस. जमादार आला. गरीब माणूस होता, त्यालाच लाज वाटत होती. गोदानं त्याला जेवाय वाढलं, तो जेवला, हात धुतला आन तुझा हात धरून घेऊन गेला. जेवणानं कायदा वाकत न्हाई, हे आमाला त्या दिवशी कळलं. तुला आता रेल्वेत बसवून हद्दीपल्याड सोडणार म्हणत होते.

मी दुसरं काय करणार? कोसा आन बाशा जुंपले आन अंबड गाठलं. तहसिलाच्या अंगणात गाडी सोडली. साहेब हैदराबादेकडचे, नवे. त्यांनी खिडकीतून पाह्यलं.

"हे बैल कशाला आणले?"

"साक्षीला, साहेब."

आतले कारकून हसायला लागले. साहेबबी हसले, पर आत बलावलं. कासरे दाखवले, रीत सांगितली. साहेबांचा पेशकार अंबडचाच म्हातारा, तो म्हणला, "हजूर, त्या गावात असं करतात खरं." साहेब म्हणले, "कायद्यात सावड न्हाई. कायदा म्हणतो, हा माणूस अमुक तारखेनंतर तिकडं गेला म्हणजे तिकडचाच झाला. कायमचं जायच्या इराद्यानं गेला का न्हाई, तेवढं मला बघायचं." तुलाबी जमादारानं तिथं आणून उभं केलं होतं. तू म्हणलास, "साहेब, कायमचं जाणारा माणूस बैलाची पेंड सांगून जाईल का?"

साहेबांनी लेखणी दौतीत बुडवली. ते वाईट न्हवते. त्यांच्यापुढं कागद होता आन कागदात आपल्याला जागा थोडी. शेवटी म्हणले, "मी वर लिहून पाठवतो. वरून निकाल येईपर्यंत ह्यानं इथंच राहायचं. तालुक्याबाहेर जायचं न्हाई. महिन्याला ठाण्यात हाजरी."

भाईर आलो तर बाशानं तहसिलाच्या पायरीपाशी शेणाचा पो टाकलेला. तू म्हणलास, "साक्ष नोंदली बघ त्यानं." आन गाडीत बसल्यावर, वेस ओलांडताना म्हणलास, "जन्मठेप झाली निवरत्या. तीबी माझ्याच गावात. ह्याच्यापरीस चांगली शिक्षा कोणती?"

निकाल आला न्हाई. आजून आला न्हाई.

घर उघडून दिलं, रान न्हाई. तुझ्याच रानात तू कागदावर माझा गडी. मला ते लागायचं, तुला न्हाई, निदान तू दाखवलं न्हाईस. कोणी तपासणीला आलं की तू मुद्दाम हात जोडून म्हणायचास, "मालक, आज कोणतं काम?" आन तो गेला की मला म्हणायचास, "मालक, इडी ओढा आन बाजूला सरा, तास वाकडं काढायलेत तुम्ही."

हाजरीच्या दिवसांची तर मला आता लई याद येती. महिन्यातून एकदा गाडी जुंपून अंबडला. तू आत अंगठा द्यायचास, मी भाईर बैलांना चारा टाकायचो. मंग दोघं मिळून गरम भजे, चहा, आन येताना रस्ताभर भांडण. करडी पेरायची का जवारी. कुंभार पिंपळगावच्या बाजारातला तो भुरा बैल घ्यायला पाहिजे होता का न्हाई. त्या भुऱ्यावर आपण किती सालं भांडलो! तू म्हणायचास, त्याच्या खुरात खोट होती. खोट बिलकुल न्हवती, दगडू. आजबी सांगतो. लोक म्हणायचे, बिचाऱ्याला हाजरी. आन आपली तर ती जत्राच होऊन बसली. सरकारनं आपल्याला म्हातारपणी दर महिन्याला फिरवलं.

पर समदं असं हसण्यावारी नेण्याजोगं न्हवतं. जैनू तिकडं, तू हिकडं. तू हद्द ओलांडलीस तर परत येणं न्हाई, आन तिला हिकडचा कागद मिळंना. एक साल मिळाला. पर कागदावर एकाच गावाचं नाव, मुंबई. तिच्या चुलत दिराचं घर होतं तिथं, तेवढंच मंजूर. मुंबईच्या भाईर पाय टाकायची तिला परवानगी न्हाई, अंबड तालुक्याच्या भाईर पाय टाकायची तुला न्हाई. बाप आन लेक एकाच देशात, मधी कोणती हद्द न्हाई, समुद्र न्हाई, आन भेट न्हाई. तू परवानगीचा अर्ज दिलास. रोज चावडीत जाऊन विचारायचास. शेवटी मला म्हणलास, "तू जा. तुला कोणी अडवत न्हाई."

गोदानं पुन्यांदा डिंकाचे लाडू केले. तू म्हणलास, "पोरगी केवढी झाली ते बराबर बघून ये." मी विचारलं, केवढी म्हंजे कसं सांगू? तू कोशाच्या गळ्यातला तुझा कासरा सोडलास आन माझ्या हातात दिलास. "ह्याच्यावर माप."

जालन्याहून रेल्वेत बसलो, काखेत लाडवाचा डबा, खांद्यावर कासरा. डब्यातले लोक विचारायचे, "बाबा, बैल कुठं हाये?" मी म्हणायचो, "मागं पळत येतोय."

जैनूनं दार उघडलं. मला पाहून आधी माझ्या मागं पाह्यलं, जिन्यापर्यंत. मी मान हलवली. ती "काका" म्हणली आन खालीच बसली. मंग उठली, डोळे पुसले, लाडू खाल्ला, म्हणली, "काकीचा डिंक आजून दातात अडकतो." भडाभडा बोलली माझ्याशी, आपल्या बोलीत. बाशाचं विचारलं, आपल्या वढ्याकाठच्या चिंचंचं विचारलं, भाबी शेवटी काय बोलली ते सांगितलं. भाबी म्हणली होती, "चुलीवरचं दूध उतरव." तिला वाटलं, ती हितंच हाये, घरी. हे तुला मी लई दिवसांनी सांगितलं.

रशीदा भिंतीला टेकून आपल्या आईकडं बघत होती. म्हणली, "अम्मी, ये कौनसी बोली है?" तिनं आईला असं बोलताना कधी ऐकलंच न्हवतं. जैनू म्हणली, "मेरे गाँव की."

मी कासऱ्याचं टोक पोरीच्या टाचंखाली धरलं, डोक्यापर्यंत ताणलं आन तिथं गाठ मारली. पोरीला हसू आवरंना. जैनूनं ती गाठ आपल्या हातानं आणखी आवळली. "सुटू देऊ नका, काका."

परत आलो तर तू फाट्यावर उभा. राम राम न्हाई, पाणी न्हाई. कासरा घेतलास, टोक पायाखाली दाबलंस, ताठ धरलंस. गाठ तुझ्या बरगडीशी आली. "एवढी?"

"एवढी."

तू गाठीच्या वर असा हात धरलास, जसा लेकराच्या डोक्यावर धरावा. रस्त्यानं गाड्या चालल्या होत्या, लोक बघत होते. तू हात काढला न्हाईस.

तालुक्याभाईर जायची परवानगी आली, जैनू कराचीला परत गेल्यावर. तू तो कागद हाजरीच्या दिवशी जमादाराला परत दिलास. "ठेवा. दुसऱ्या कोणाच्या कामी येईल."

ती गाठ तू सोडू दिली न्हाईस. औत हाणताना हाताला खुपायची, तरी न्हाई. कोसा मेला, बाशा मेला, त्यांच्या जागी दुसरे आले, तू नावंबी तीच ठेवलीस. गाठीचा कासरा नव्या कोशाच्या गळ्यात. चिंधी झिजली की नवी वळायचास. भाबीच्या लुगड्याचं गाठोडं काही केल्या संपंना.

गोदा गेली तवा जाता जाता मला म्हणली, "दगडूभाऊंना लेकीकडं जाऊ द्या. धरून ठेवू नका." तिच्यामागं आपण दोघं रंडके, एका चुलीवर. भाकर तू थापायचास आन ती जाडच व्हायची. मी गोदाचा शब्द पाळायला तुला दर पाडव्याला म्हणायचो, "जा दगडू. पोरीकडं जा. बैल मी सांभाळतो."

"मंग कासरा दे माझा. मोड सावड."

"सावड मोडायचं मी म्हणलो का?"

"तिकडं गेलो की परत येणं न्हाई. म्हंजे मोडलीच की. दे कासरा, जातो."

मी द्यायचो न्हाई आन तू जायचा न्हाईस. मंग रागानं दोघं एकमेकाकडं पाठ करून बसायचो, इडी पेटवायला पुन्हा तोंड फिरवायचो. हे भांडण मिटलं न्हाई आपलं. तू बरोबर होतास का मी, मला आजबी कळत न्हाई. पोरगी सोडून मातीला चिकटलास, हे चांगलं केलंस म्हणायलाबी जीभ रेटत न्हाई, वाईट केलंस म्हणायलाबी. निवड करायला लावणारे आपण न्हवतो, एवढंच. आन एक राह्यलं सांगायचं. तू "जात न्हाई" म्हणलास की मला बरं वाटायचं. लई बरं वाटायचं. गोदाला दिलेल्या शब्दापायी तोंडानं जा म्हणायचो आन आत धाकधूक की हे येडं खरंच उठतंय का काय. हे तुला ठाऊक होतंच म्हणा.

तुझं मरण मातर तुझ्या मनाजोगतं झालं. तुझ्याच खळ्यावर. जवारी वाऱ्यावर देऊन झाली होती, रास पडली होती, औंदा दाणा मोत्यावाणी. तू गाडीच्या चाकाला टेकून बसलास, मूठभर जवारी तळहातावर घेतलीस आन म्हणलास, "निवरत्या, भुऱ्याच्या खुरात खोट होती बरं का." मी रागानं पाणी आणायला गेलो. आलो तर तू गेलेला. मूठ मिटलेली. शेवटचा शब्द तुझाच ठरला, लबाडा.

समद्या गावानं खांदा दिला. बापाच्या शेजारी जागा मिळाली तुला. लोक म्हणले, "निवृत्ती, त्याचा कासरा ठेव त्याच्यासंगं. नातीची गाठ हाये." चांगल्या मनानं म्हणले. मी दिला न्हाई. अंकुशलाबी राग आला माझा. पर कासरा परत दिला म्हंजे काय व्हतं, हे मी गिरदावराला सांगितलंय, तहसिलात साहेबाला सांगितलंय. त्यांच्यापुढं एक बोलायचं आन तुझ्या मातीपुढं दुसरं, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

जैनूला पत्र टाकलंय. जवारीचे चार दाणे घातलेत त्यात, तुझ्या मुठीतले. पोचतील तवा पोचतील.

हाजरी चुकली म्हणून गेल्या आठवड्यात जमादार आला. हा नवा, तरणा. म्हणला, "शेख दगडू कुठं आहे? तालुक्याबाहेर गेला का?" मी त्याला घेऊन गेलो, दाखवलं. म्हणलो, "कुठं गेला न्हाई. हितंच हाये." पोरानं टोपी काढली. आन मंग विचारलं, "नोंद काय करू?" मी म्हणलो, "हाजर लिहा."

तर आज सकाळचं. अंकुशला म्हणलो, "दोन्ही बैल आपले न्हाईत. एक सावडीचा हाये. खुंट्याला बघ, माझा कासरा दिसतो का?" तो खरंच बघून आला. म्हणला, "न्हाई." "मंग जू उचल. पाळी त्याची हाये."

तुझ्या रानात गेलो. ढेकळं वाळलेली, भुई कडक. अंकुशनं बैल धरले, औत मी धरलं. पहिलं तास बांधापासून तुझ्या चिंचंपर्यंत काढलं. गाठ हाताला खुपत होती, बरी वाटत होती. माघारी वळून बघितलं तर तास जरा वाकडं आलंय. तू असतास तर गावभर सांगितलं असतंस.

पुढल्या पाडव्याला पाळी माझी. तवा कुरकुर करायची न्हाई.

तुझा सावडी,
निवृत्ती